उत्तम पेंटरचा डावा हात

उत्तम पेंटर गेल्याचा फोन चाकूरहून आला तेव्हा मी आधी विचारलं, "छातीत दुखलं का?" त्याच्या बायकोनं, सुमनवहिनींनी सांगितलं, "न्हाई भाऊजी, निमोनिया झाला. हृदय शेवटपर्यंत चांगलं होतं." मित्र गेल्याच्या बातमीत बरं वाटण्यासारखं काय असतं... पण मला वाटलं, आणि सव्वा महिन्यानंतरही वाटतंय.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा उत्तमची चंगळ होती. गावोगावच्या पाट्यांवर 'जि. उस्मानाबाद' खोडून 'जि. लातूर' लिहायचं होतं. औशापासून जळकोटपर्यंत रंगाचे डबे सायकलला टांगून तो हिंडला. अक्षर देखणं, पण डाव्या हाताचं. दुकानाचं नाव डाव्या हातानं लिहिलेलं लोकांना अशुभ वाटे. म्हणून हा पठ्ठ्या मालकासमोर 'श्री' उजव्यानं काढायचा, मालकाला चहा सांगायला पिटाळायचा आणि उरलेलं नाव डाव्यानं उरकायचा. कोणी विचारलं तर ठरलेलं उत्तर, उजवा.

ही सवय त्याला नांदेडला नडणार होती. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या दुष्काळात त्याची बायपास ठरली. मुलगी नांदेडला, म्हणून तिथलाच दवाखाना. डॉक्टरांनी आम्हाला बसवून समजावलं, की पायाच्या शिरेपेक्षा धमनी जास्त वर्षं टिकते, म्हणून एक छातीतली वापरू आणि एक हातातली. हाताला दोन धमन्या असतात, एक काढली तरी भागतं. पण कधी बधिरपणा राहतो, तेव्हा कामाचा हात सोडायचा.

"काम कोणत्या हातानं करता?"

"उजव्या," उत्तम म्हणाला. डॉक्टरांनी पेन काढून त्याच्या डाव्या हातावर खूण केली.

मी तोंड उघडायच्या आत वहिनी उठल्या. "डॉक्टरसाहेब, हे खोटं बोलायलेत. ह्यांचा हात डावा हाय. त्याच हातानं आमचं घर चाललं."

उत्तमनं मान खाली घातली. डॉक्टरांनी त्याचं उजवं मनगट दोन्ही बाजूंनी दाबलं, मूठ उघडझाप करायला लावली, मग एका बाजूचं बोट उचललं. पांढरा पडलेला तळवा बघता बघता लाल झाला. "हा चालेल," ते म्हणाले. खूण पुसली गेली आणि मी खुर्चीत मागं टेकलो.

ऑपरेशन नीट झालं. उजव्या अंगठ्याशी थोडी बधिरता मात्र राहिली, त्यामुळे उजव्या हाताचा 'श्री' बंद झाला. मग तो उघड उघड, मालकासमोर, डाव्यानं लिहू लागला. "आता खरं बोलायला लई बरं वाटतं," म्हणायचा. कुणाचं दुकान बसल्याचं ऐकिवात नाही. घरी आल्यावर त्यानं पहिली पाटी रंगवली ती स्वतःच्या दारासाठी. आयुष्यभर गावाची नावं लिहिली, आपल्या दाराला कधी पाटी नव्हती. त्यावर निळ्या अक्षरात एकच नाव लिहिलं, सुमन.

परवा गेलो तेव्हा एक पाहुणे वहिनींना मायेनंच म्हणाले, "ती पाटी उतरवून ठेवा. त्यांचं अक्षर दिसलं की जीव तुटतो."

वहिनींनी पदरानं पाटीवरची धूळ पुसली. "नाव माझं हाय अन् हात त्यांचा. राहू द्या."