उतारवाडीची पहिली हाक

सीनेच्या काठावर उतारवाडी नावाचं मूठभर घरांचं गाव होतं. अलीकडं निजामाचं राज्य, पलीकडं इंग्रजांचं आणि मधल्या पाण्यावर बंडप्पाचं. परंड्याकडून कुर्डुवाडीची रेल्वे गाठायला निघालेली माणसं पावसाळ्यात इथंच अडकायची. मग बंडप्पा आपल्या गुऱ्हाळातली, गूळ आटवायची भलीमोठी काहील पाण्यात सोडायचा, माणसांना तिच्यात मधोमध बसवायचा आणि स्वतः पोहत, तिचा काठ धरून ती पैलतीरी ढकलत न्यायचा. बसलेला जरा हलला की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा, मग तो तहसीलदार का असेना.

गावाचा एक नियम होता. दिवेलागणीला नदीपलीकडून हाक आली तर पहिल्या हाकेला उठायचं नाही. बुडालेली माणसं एकदाच हाक मारतात, जिवंत माणूस पुन्हा मारतो. बंडप्पाचा आजा एकदा पहिल्याच हाकेला गेला आणि नुसती काहीलच परत येऊन काठाला लागली. तेव्हापासून त्या घरातला माणूस गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावून दुसऱ्या हाकेची वाट बघायचा.

रझाकारांच्या सालात गाव उठलं. भरल्या नदीतून बंडप्पानं सगळ्यांना पलीकडं पोचवलं. म्हातारी धुरपताबाई तेवढी घर सोडीना, ती मागं राहिली. बंडप्पाची एकुलती लेक शिवकांता आत, निजामाच्याच मुलखात दोन कोसांवर दिलेली होती. सासरची माणसं पांगली आहेत, पोर एकटीच नदीच्या उताराकडं निघाली आहे, असा निरोप आला. बायको इरम्माला निर्वासितांच्या छावणीत धाडून बंडप्पा काहील घेऊन पैलतीरावर बसून राहिला. लेकीला आणल्याशिवाय तो तिथून हलणार नव्हता.

एका संध्याकाळी ओस गावाकडून हाक आली. "आप्पा." एकदाच आणि दबकी. बंडप्पानं गळ्यातल्या लिंगाला हात लावला. आवाज लेकीचाच होता, पण नदी ओळखीचाच आवाज काढते हे तो लहानपणापासून ऐकत आलेला. घोट्याएवढ्या पाण्यात उतरून तो थांबला. दुसरी हाक काही आली नाही.

उजाडल्यावर तो अलीकडं आला. धुरपताबाईनं आडून सगळं बघितलं होतं. पोर बाभळीखाली बसली, तिनं हाक मारली आणि तेवढ्यात गावात रझाकारांची घोडी शिरली. पुन्हा ओरडली असती तर सापडली असती. तोंडात पदराचा बोळा कोंबून ती पाण्यात उतरली ती वर आलीच नाही.

पोलीस ॲक्शन झाली, गाव परतलं. बंडप्पा आता पहिल्याच हाकेला उठू लागला. हाक नेहमी पलीकडून यायची, तो नसेल तिथून. पैलतीरी कुणी नसायचं. पण येताना रिकामी काहील माणूस बसल्यासारखी पाण्यात खोल असायची, हे काठावरच्यांनी डोळ्यांनी पाहिलं. इरम्मा भाकरीचा तुकडा घेऊन उभी असायची. माहेरी आलेल्या लेकीवरून ओवाळावा तसा ती तो हवेतच ओवाळायची. बाकीच्या बायका पोरं उचलून घरात जायच्या. त्या दोघांची दया यायची आणि भीतीही तेवढीच वाटायची.

अशी दोन-चार वर्षं गेली. एकदा श्रावणात, नदीच्या ऐन धारेत, बंडप्पाला राहवलं नाही.

"पोरी, अजून एकदा का न्हाय हाक मारलीस?"

काहील हलली नाही. वरून त्याच दबक्या आवाजात उत्तर आलं.

"पहिली ऐकली व्हती की तुमी, आप्पा."

काठाला लागल्यावर त्यानं ते इरम्माला जसंच्या तसं सांगितलं. तिनं खाली मान घालून ऐकून घेतलं.

"मीबी इतकी वर्सं हेच म्हणणार व्हते," ती म्हणाली आणि हातातला तुकडा नदीत टाकून घराकडं गेली.