विचारून जाणारी सोलांज

सोलांज पेरूचा मला आजही राग येतो. रेजिस शास्तांचाही येतो, पण तो सरळ राग आहे. चार शिव्या घातल्या की मोकळं वाटतं. सोलांजचा राग शिव्या घालून जात नाही, कारण त्या बाईचा गुन्हा एवढाच की तिला आईने चांगलं वळण लावलं.

सँ-व्होरीत माझं सायकलदुरुस्तीचं दुकान आहे. गावात माणसं दोनशे दहा, गुरं त्याच्या तिप्पट, आणि उन्हाळ्यात शहरातून येणारे सायकलवाले वेगळे. घट्ट कपडे घालून येतात, खडीच्या वाटांवर सायकली हाणतात, फोटो काढतात आणि माझ्या दुकानासमोर उभे राहून आमच्या डोंगरांबद्दल मलाच माहिती देतात. मी पंक्चर काढत राहतो.

सोलांज या वाटांवर त्यांच्या कितीतरी आधीपासून होती. इस्पितळाच्या धुलाईखान्यात एकतीस वर्षं चादरी उकळल्या, हात कोपरापर्यंत लाल करून घेतले. नवरा लवकर गेला, मूल नाही. गाडी चालवायला ती कधी शिकलीच नाही. निवृत्त झाली त्याच वर्षी वरच्या व्हिएय-कोंब वस्तीत तिच्या बहिणीची, मादोची, उजवी बाजू गेली. नर्स सकाळी गाडीने येऊन औषध देते, आंघोळ घालते. पण मादो जेवते ती फक्त सोलांजच्या हातून. दुसऱ्या कुणी चमचा पुढे केला की तोंड घट्ट मिटते. दोघी बहिणी सारख्याच हट्टी.

सँ-व्होरीहून व्हिएय-कोंबला जायला दोन रस्ते. डांबरी रस्ता अकरा किलोमीटर, त्यावर दिवसभर ओंडके भरलेले ट्रक धावतात आणि सायकलवाल्याला खड्ड्याएवढीच किंमत देतात. दुसरी खडीची जुनी वाट, चार किलोमीटर, चेस्टनटच्या झाडांतून चढत जाणारी. ती मध्येच रेजिसच्या गोठ्याच्या आणि घराच्या मधून जाते.

पहिल्या वर्षी सोलांजने साध्या सायकलचे सहा टायर फाडले. शेवटी मी तिला एका जुन्या सांगाड्यावर रुंद टायरची सायकल बांधून दिली. म्हटलं, "याला ग्रॅव्हल सायकल म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे खडी."

"म्हणजे आमच्याच दगडांना इंग्रजी नाव ठेवलं, होय रे?" ती म्हणाली. "हवा कमी ठेव. दात हलतात माझे."

त्या सायकलवर ती अकरा वर्षं रोज गेली. पाठीवरच्या पिशवीत सूपचा डबा, हँडलला पाव अडकवलेला. उतारावर ब्रेक न लावता येताना मी तिला पाहिलंय. शहरी पोरं त्या वळणावर उतरून सायकल हाताने ढकलत नेतात.

आणि रोज, न चुकता, रेजिसच्या अंगणात ती उतरायची. "बोंजूर रेजिस. जाऊ का?"

रेजिस गोठ्यातून ओरडायचा, "जा की!"

त्याआधी ती रेजिसच्या बापाला विचारायची. त्याआधी तिची आई विचारायची. दुसऱ्याच्या दारावरून जाताना विचारायचं, एवढंच. कुणाच्या मनात त्यात काही नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

मे महिन्यात शहरातल्या एका टोळक्याने त्या वाटेवरचं रेजिसचं फाटक उघडं टाकलं. त्याची एक कालवड डांबरी रस्त्यावर गेली आणि ट्रकखाली सापडली. रेजिस रस्त्याच्या कडेला बसून रडला, ते मी पाहिलंय, आणि तेव्हा मला त्याचं वाईटच वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी फाटकाला साखळी आणि कुलूप; सोलांज आली की तेवढं काढायचा. तेही समजू शकतो. पण आठवड्याने त्याने पाटी लावली: खासगी वाट. वाट माझ्या बापाची, म्हणाला, गावाचा तिच्याशी संबंध नाही.

गावच्या जुन्या नकाशात वाट काढलेली आहे, पण कुणाची ते लिहिलेलं नाही. म्हणून मेयरने शनिवारी सकाळी सगळ्यांना सभागृहात बोलावलं. दिदिए मोंटेय आमचा मेयर. माणूस वाईट नाही, पण भांडण म्हटलं की अंग काढून घेतो. मी सोलांजला आदल्या दिवशी तीनदा पढवलं. "एवढंच म्हणायचं, वाट सगळ्यांची आहे आणि आम्ही लहानपणापासून वापरतोय. दुसरं काही बोलू नकोस."

"बरं," ती म्हणाली.

सभागृहात तिने ते म्हटलंही, स्पष्ट आवाजात. मग रेजिस उठला. टोपी हातात, चेहरा अगदी गरीब.

"सोलांज, आपण एका बाकावर शिकलो. तू खोटं बोलत नाहीस हे सगळ्यांना माहीत आहे. रोज माझ्या अंगणात उतरतेस की नाही?"

"उतरते."

"उतरून काय म्हणतेस?"

"बोंजूर म्हणते."

"आणि पुढे?"

मी टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला. चांगला जोरात दिला.

"'जाऊ का?' म्हणते," ती म्हणाली.

"आणि मी?"

"'जा की' म्हणतोस."

रेजिस खाली बसला. मेयरने चष्मा काढला. "मादाम पेरू, तुम्ही परवानगी मागत होता, म्हणजे वाट त्यांची हे तुम्हीच मानत होता. कायदा असा आहे की लोकांनी तीस वर्षं कुणालाही न विचारता वाट वापरली, तर गावाला तिच्यावर हक्क सांगता येतो. विचारून वापरली, तर ती मालकाची मेहेरबानी."

"मेहेरबानी?" मी उठलो. "अरे, ती माणुसकी होती! उद्या पाववालीला 'कृपया' म्हटलं तर पाव तिची मेहेरबानी होणार काय?"

"बसा तुम्ही," मेयर म्हणाला.

मी बसलो नाही. पण माझ्या उभं राहण्याने काय होणार होतं? गाव दावा करणार नाही, असं त्याने नोंदवून टाकलं.

बाहेर पायरीवर रेजिस सोलांजजवळ आला. हातात लहानशी नवी किल्ली. "ही घे. तुला कोण अडवतंय? कुलूप त्या शहरी माकडांसाठी आहे. मादोचं मला कळत नाही का?"

त्याला ते खरंच वाटत होतं, हीच चीड आणणारी गोष्ट. गावाची वाट ढापली आणि वर उपकार करायला उभा. सोलांजने हात कोटाच्या खिशात घातले.

"किल्ली घेतली, तर पुन्हा विचारल्यासारखंच झालं," ती म्हणाली आणि चालायला लागली.

कोपऱ्यावर मी तिला गाठलं आणि माझं तोंड सुटलं. "एक 'नाही' म्हणायला काय झालं होतं? एक शब्द! आता जा त्या ट्रकांमधून, आणि चिरडलीस तर मादोला भरवणार कोण?"

ती वळली. इतक्या वर्षांत मी तिला चिडलेली पाहिली नव्हती.

"पन्नास वर्षं मी त्या घराचा मान राखला. त्याने तोच मान माझ्याविरुद्ध साक्षीला उभा केला. आणि तू म्हणतोस, मी खोटंही बोलायचं? माझ्याकडचं तेवढंही देऊन टाकू?"

तिच्या पायावर माझ्या बुटाचा ठसा दिसत होता.

रविवारी नर्सने तिला आपल्या गाडीतून वर नेलं. सोमवारी सकाळी ती दुकानात आली, टायरमधली हवा कमी करून घेतली आणि वाटेला लागली. मी शटर ओढलं, सायकल काढली, मागून निघालो.

फाटकाशी रेजिस उभाच होता. ती उतरली.

"बोंजूर रेजिस."

"बोंजूर सोलांज." तो थांबला. मीही थांबलो. पुढचे दोन शब्द आम्ही दोघं ऐकायला उभे होतो.

ते आले नाहीत. तिने सूपचा डबा फाटकाच्या पलीकडे ठेवला, सायकल उचलली आणि वरून पलीकडे टाकली. मग स्वतः चढायला लागली. गुडघा दुखत असणार. वरच्या दांडीवर ती क्षणभर थांबली. मी हात द्यायला गेलो, तिने झटकला.

"सोलांज, हे बरं नाही," रेजिस म्हणाला. "मी तक्रार करू शकतो."

"कर की. लिहून ठेव, तारखेसकट. सोलांज पेरू आज न विचारता गेली. उद्याही जाईल."

"याने काय होणार आहे?"

"मेयरनेच सांगितलं ना, तीस वर्षं?" ती पलीकडे उतरली आणि डबा पाठीवरच्या पिशवीत घातला. "आजपासून मोज."

ती सहासष्ट वर्षांची आहे. रेजिसच्या ओठांची हालचाल दिसली. तोही माझ्यासारखीच बेरीज करत होता. मी माझी सायकल उचलून फाटकावर ठेवली आणि त्याला न विचारता चढायला लागलो.