चौदा अण्णा आणि एक जास्वंद

मी उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीच्या, म्हणजे ओतकाम कारखान्याच्या, ऑफिसात स्टोअर सांभाळतो. कुठल्या कास्टिंगचे किती नग आले, किती गेले, किती टाकाऊ निघाले, याचा मेळ लागल्याशिवाय मी खुर्ची सोडत नाही. प्रोग्रॅमिंग मी कॉलेजात शिकलो नाही. स्टोअरच्या याद्या हाताने करायचा कंटाळा आला, म्हणून वयाच्या अडतिसाव्या वर्षी शिकलो. त्यातूनच माझी लायब्ररी झाली. लायब्ररी म्हणजे प्रोग्रॅमचा एक तयार भाग. दुसऱ्या कुणी प्रोग्रॅम लिहिताना तो आयता उचलून आपल्यात बसवायचा. माझ्या भागाचं काम एवढंच, की फोनमधले सगळे नंबर ज्या फाइलीत भरून एका फोनातून दुसऱ्या फोनात नेतात, ती ॲड्रेस बुकची फाइल वाचायची आणि लिहायची. आमच्या सप्लायरांचे नंबर ऑफिसातल्या सगळ्यांच्या फोनात एकदम घालता यावेत म्हणून मी ती लिहिली, आणि कुणाला उपयोग झाला तर होऊ दे म्हणून इंटरनेटवर फुकट ठेवली.

उपयोग झाला असावा, कारण तक्रारी यायला लागल्या. नवे फोन या फाइली नव्या पद्धतीने लिहितात आणि माझ्या लायब्ररीला त्या कळत नाहीत, असं कोण कुठले लोक कळवू लागले. मी वहीत नोंद केली. एकूण सतरा तक्रारी होत्या. त्यांतल्या चार एकच निघाल्या, राहिल्या चौदा. मी रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी एक तास बसायचं ठरवलं.

काम मला आवडायला लागलं. जुन्या पद्धतीत आपलं एक देवनागरी अक्षर नऊ इंग्रजी चिन्हांत लिहावं लागतं. त्यात काना, वेलांटी, पाय मोडणं सगळं वेगळं मोजतात. ‘अण्णा’ हा शब्द त्या हिशेबाने पंचेचाळीस चिन्हांचा होतो. नव्या पद्धतीत तसं नाही, पण ओळ पंचाहत्तर चिन्हांच्या वर गेली की मोडून खाली घ्यावी लागते, आणि माझी लायब्ररी ती नेमकी अक्षराच्या पोटातून मोडत होती. मग माणसाच्या नावात मधेच काळे चौकोन दिसायचे. हे मी दुरुस्त केलं.

शेवटची तक्रार म्हणजे खरं तर विनंती होती. परदेशातल्या एका गृहस्थाने लिहिलं होतं, की एकाच माणसाची दोन-दोन कार्डं झाली असतील तर लायब्ररीने ती आपोआप एक करावीत. मला ते पटलं. स्टोअरमध्ये एकाच बोल्टचे दोन कोड निघाले तर मी तेच करतो. मी नियम घातला: नाव अक्षरन् अक्षर सारखं असेल तर माणूस एक. त्याचे सगळे नंबर एका कार्डावर क्रमाने घ्यायचे आणि फोटो दोन असतील तर मोठा ठेवायचा. सप्लायरांच्या यादीवर चालवून पाहिलं. दोनशे बारा कार्डांतली तीन खरोखरच दुबार होती, तेवढी बरोबर एक झाली.

पण ती फार शिस्तीची यादी होती. मला घरगुती फाइल हवी होती. घरात सगळ्यात भरलेला फोन बायकोचा. ती नंदगडच्या पुढच्या खेड्यातली, शेतकरी घरातली. माहेरचं गाव, सासरची माणसं, गल्ली, बचत गट, सगळं त्या फोनात. शिवाय मुलीचं लग्न नुकतंच ठरलं होतं. मुलगा निपाणीचा. मे महिन्यातला दिवस धरून झाला होता आणि फोन सुरू व्हायचे होते. त्यामुळे ती फोन द्यायला तयार नव्हती.

“एक जरी माणूस त्यातनं गेलं तर बघा,” ती म्हणाली. “आमच्यात पत्रिकेच्या आधी फोन लागतोय. फोन न्हाय आला की माणूस मांडवात येत न्हाय.”

मी शब्द दिला आणि फाइल काढून घेतली. लायब्ररीतून गेली ती सहाशे अडतीस कार्डं, बाहेर आली ती चारशे एकाहत्तर. मी दचकलो, मग नंबर मोजले. आत जाताना सातशे दोन नंबर होते, बाहेर येतानाही सातशे दोन. एकही नंबर गहाळ नव्हता. मेळ लागला म्हटल्यावर मला आणखी काही बघायची गरज वाटली नाही. चहा घेताना मी बायकोला सांगितलं, की तुझ्या फोनात एकशे सदुसष्ट माणसं उगाच जास्त होती. ती कणीक मळत होती. म्हणाली, असतील. मी नवी फाइल तिच्या फोनात घातली आणि ऑफिसला गेलो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी पंचवीस वर्षं संसार करून मला माहीत नव्हती. माझी बायको फोनात कुणाही थोरल्या माणसाचं नाव लिहीत नाही. तोंडाने नाव घेत नाही, तर बोटाने कसं घेणार, असं तिचं म्हणणं. जो ज्या नात्याने हाक मारायचा, त्याच नात्याने तो फोनात. सख्खा भाऊ अण्णा, माहेरच्या भावकीतले अण्णा, नळ दुरुस्त करणारे अण्णा, गॅसवाले अण्णा, बँकेतले कानडी साहेबही अण्णाच. असे चौदा. अक्का अकरा, मामी नऊ. मग कोण कुठला हे कळायचं कसं, तर फोटोवरून. आणि फोटोही माणसांचे नाहीत. नळवाल्या अण्णांना तोटी, गॅसवाल्यांना सिलिंडर, सख्ख्या भावाला त्याच्या दारातली जास्वंद. तिचं इतक्या वर्षांत कुठे अडलं नव्हतं.

माझ्या लायब्ररीने चौदा अण्णांचा एक अण्णा केला. चौदांत मोठा फोटो जास्वंदीचा होता, म्हणून तो ठेवला. आणि पहिला नंबर ज्याचं कार्ड फाइलीत आधी होतं त्याचा, म्हणजे भावकीतल्या एका अण्णांचा. हे मला नंतर कळलं.

दिवस पक्का झाल्यावर पहिला फोन मुलीच्या मामाला. तो मुलीच्या बापाने करायचा. मंगलाष्टकांच्या वेळी मुलीच्या पाठीशी मामा उभा राहतो, म्हणून त्याला आधी विचारायचं, मग छापखाना. त्या रविवारी सकाळी बायको पापड लाटणाऱ्या बायकांत होती. तिथूनच म्हणाली, “अहो, जास्वंदीच्या अण्णाला लावा.”

मी तिच्या फोनात जास्वंद शोधली आणि पहिला नंबर लावला. पलीकडे शेत नांगरणाऱ्या पॉवर टिलरचा आवाज येत होता.

माझे मेहुणे फोनवर फार थोडं बोलतात. व्हय, बरं, ठेवतो. त्या भागातले सगळेच पुरुष असंच बोलतात, हे मी धरायला हवं होतं. मी मोठ्या आवाजात सांगितलं, की भाचीचं लग्न ठरलंय, मामा म्हणून तुम्ही उभं राहायचं. पलीकडे टिलर बंद झाला. मग आवाज आला, “राहतो की. आमचा मान हाय त्यो.” मला आवाज थोडा भरून आल्यासारखा वाटला, आणि मेहुणे इतके हळवे असतील असं वाटलं नव्हतं, हेही मी बायकोला सांगितलं. ती खूश झाली.

त्या माणसाचीही चूक नव्हती. आईच्या गावचा प्रत्येक पुरुष मुलीचा मामाच असतो. इतक्या मामांत आपल्याला विचारलं, यात त्यांना वावगं काय दिसणार?

पुढचे चार दिवस बायकोने अक्का, मामी, काकू यांचे फोन केले. एका अक्काच्या नावाखाली अकरा नंबर दिसतात म्हणून ती कुरकुरली, पण आवाज ओळखून पुढे बोलत राहिली. नको ती अक्का लागली तर तिलाही बोलावणं देऊन टाकलं. पाचव्या दिवशी चुड्याचं विचारायला तिने जास्वंदीला फोन लावला. पलीकडच्या पहिल्याच शब्दाला तिने वेगळा आवाज ओळखला. मग ऐकत राहिली. भावकीतल्या अण्णांनी फेटा आणला होता. पारावर सगळ्यांना सांगूनही झालं होतं. बायको “बरं केलासा अण्णा” म्हणाली, फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

मी लॅपटॉप उघडला. जुनी फाइल मी जपून ठेवली होती, तेवढं मला येतं. वीस मिनिटांत सहाशे अडतीस माणसं जागच्या जागी आली. तिने खरी जास्वंद शोधून फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. दुसऱ्यांदा तिच्या वहिनींनी उचलला. त्यांनी हळू आवाजात सांगितलं, की घेऊ नको म्हणून सांगितलंय. गावभर मामा कोण ते कळलं आणि सख्ख्या भावाला पारावर कळलं. लग्नाला पोरं येतील, ते येणार नाहीत.

बायको रडली नाही. पापडाचे डबे उचलून ठेवू लागली. तिला आई-वडील नाहीत. माहेर म्हणून म्हणायला हा एक भाऊ. तो मांडवात नसेल तर लग्न पार पडेल, पण तिच्या बाजूने कुणी उभं नाही, एवढं मलाही कळत होतं.

मी माझ्या परीने काम सुरू केलं. नियम बदलला: नाव आणि नंबर दोन्ही सारखे असतील तरच माणूस एक. मग बायकोच्या फाइलीत दोन मामी एकाच नंबरवर सापडल्या. सासू-सून, घरात एकच फोन. शेवटी तो सगळा भाग काढून टाकला आणि परदेशातल्या त्या गृहस्थाला कळवलं, की कार्डं एक करणं माझ्याकडून होणार नाही. त्याने सभ्यपणे विचारलं, की एकाच नावाखाली चौदा वेगळी माणसं कोण लिहून ठेवतं? मी लिहिलं, माझी बायको.

रविवारी मोटारसायकलवरून आम्ही दोघं गावी गेलो. खानापूरला चहा घेतला, तेवढ्यात बायको एकच वाक्य बोलली, “तुम्ही तिथं आकडे सांगू नका.”

मेहुणे अंगणात काजूच्या बिया वाळत घालत होते. आम्हाला बघून उठले, पाणी आणायला सांगितलं, आणि पुन्हा बियांकडे वळले. वहिनी दारात उभ्या. मी उभ्या उभ्या सांगितलं, की चूक तिची नाही, माझी आहे. फोन मी केला, आणि फोन बिघडवलाही मीच. तुमच्यासकट चौदा अण्णा होते, माझ्या प्रोग्रॅमने त्यांचा एक केला.

बायकोने माझ्याकडे बघितलं, पण आकडा निघून गेला होता.

मेहुण्यांचा हात थांबला. “चौदात मी कितवा?”

मी खोटं बोलू शकलो असतो. “नववा,” म्हणालो.

“आणि पैला त्यो.”

“नंबर घालायचा क्रम आहे तो, अण्णा. मानाचा नव्हे.”

“नळवाला कितवा?”

“चौथा.”

वहिनी पदर तोंडाला लावून आत गेल्या. मेहुणे बहिणीला म्हणाले, “नळवाला माझ्या आधी व्हय गं?”

“तुझा नंबर मला पाठ हुता,” ती म्हणाली. “लिहून ठेवायची गरज वाटली न्हाय किती वर्सं. त्याचा पाठ नव्हता, म्हणून आधी घातला.”

मेहुण्यांनी हात पुढे केला, तिचा फोन मागितला. ती चौदा चित्रांची रांग त्यांनी बोटाने वर-खाली केली. तोटी, सिलिंडर, बैल, बँकेची पाटी. जास्वंदीवर थांबले. मग मान वळवून दारातल्या झाडाकडे बघितलं. झाडाला तेव्हा एकही फूल नव्हतं.

“त्याला आता नको म्हणून सांगू नका,” ते मला म्हणाले. “फेटा आणलाय त्यानं. गरीब माणूस हाय, लई हुरूप आलाय त्याला. त्यो उजवीकडं उभारंल, मी डावीकडं. पोरीला दोन मामा असले तर काय वाईट न्हाय.”

मी सुस्कारा सोडला. पण ते पुढे म्हणाले, “फोन मात्र मला आलेला न्हाय. त्यो याय पायजे.”

“आता समोर आलोय की आम्ही,” बायको म्हणाली.

“त्यो आला म्हणून गावात सांगायचं कसं? फोन कर.”

एवढं बोलून ते उठले, आपला फोन सदऱ्याच्या खिशातून काढला, आणि गोठ्याच्या पलीकडे जाऊन पाठ करून उभे राहिले. बायको अंगणातच बसून होती. तिने जास्वंद दाबली. वीस पावलांवर घंटी वाजली. त्यांनी ती चार वेळा वाजू दिली, मग उचलला. तिने सगळं सांगितलं, जसं बाहेरगावाहून सांगतात तसं. दिवस, वेळ, कार्यालय, निपाणीच्या लोकांचं घराणं, मुलाची नोकरी. त्यांनी पलीकडून सगळं पहिल्यांदाच ऐकल्यासारखं विचारलं. त्यांचा आवाज आम्हाला दोनदा ऐकू येत होता, एकदा फोनातून आणि एकदा गोठ्याकडून. शेजारच्या घरातून दोन बायका कुंपणापाशी येऊन ऐकत राहिल्या, आणि मला वाटतं ते त्यांच्यासाठीच चाललं होतं.

“पावणं कुठं हायत?” त्यांनी विचारलं.

“शेजारीच हायत.”

“दे त्यांच्याकडं.”

मी फोन घेतला आणि मुलीचा बाप म्हणून दुसऱ्यांदा सांगितलं, की भाचीच्या लग्नात मामा म्हणून तुम्ही उभं राहायचं. या वेळी टिलर नव्हता, आणि माणूस समोर दिसत होता. त्यांनी थोडा विचार केल्यासारखं केलं, मग येतो म्हणाले आणि विचारलं, जेवून जाणार ना. मी व्हय म्हणालो. तरी त्यांनी लगेच फोन ठेवला नाही. व्हय, बरं, ठेवतो म्हणणाऱ्या माणसाचं बोलणं सहा मिनिटं चाळीस सेकंद चाललं.