शेवंतीच्या पुढे चालणारा

घोडा आणि माणूस यांच्यातले नाते शब्दांच्या पलीकडले असते. हे वाक्य माझे आहे. सर्कशीच्या हँडबिलात मी ते चार वर्षे छापले आणि कर्ण्यातून रोज दोनदा ओरडून सांगितले. ज्याच्याविषयी ते होते त्या धुळाबाने एकदा ते माझ्याकडून वाचून घेतले आणि म्हणाला, "मास्तर, शब्दाबिगर घोडं दावणीवरनं बी हलत न्हाई. पर छापा, छापा. लोकास्नी बरं वाटतं."

धुळाबा गेल्याचे पोस्टकार्ड महिन्यापूर्वी आले. मुलाने लिहिले होते, "आबा मंगळवारी वारले. तुम्हाला कळवा म्हणाले होते." मी दाढी करत होतो. कार्ड वाचले, आरशाला टेकवून ठेवले आणि उरलेली दाढी पुरी केली. काहीतरी वाटायला हवे होते... अजून वाटायचे आहे.

तो आटपाडीकडच्या धनगराचा. मेंढरांबरोबर संसार लादलेली तट्टे हाकण्यात त्याची तरुणपणाची वर्षे गेली होती. आमच्या मालकांनी त्याला एका बाजारात पाहिले, उचलून आणले आणि त्याचा 'प्रोफेसर डी. राव' केला. हे नाव मीच काढलेले. अंगावर स्वार नाही, तोंडात लगाम नाही, अशा सहा पांढऱ्या घोड्या त्याच्याभोवती रिंगणात धावत, एकदम उलट फिरत, मागच्या पायांवर उभ्या राहत. मालकांनी त्याला जरीचा कोट आणि लांब चाबूक दिला होता. चाबूक तो हवेतच वाजवी, तोही प्रेक्षकांसाठी. खरे काम पायांचे. घोडीच्या खांद्याच्या रोखाने एक पाऊल टाकले की ती वळे, मागे घेतले की आत येई. त्याच्या घरची माणसे मोकळी तट्टे अशीच वळवत.

युद्धाच्या दिवसांत केव्हातरी तो रिंगणात पुटपुटू लागला. मालक खूश झाले आणि मी हँडबिलात 'अश्वमंत्र' हा शब्द घातला. पुढे पाटणला मुक्काम पडला. घोड्या भरधाव असताना मी कर्णा उचलून "पाटणच्या रसिकहो!" असे गरजलो, आणि सर्वांत पुढची शेवंती जागच्या जागी थांबली. मागच्या पाचजणी एकमेकींवर आदळल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोक कशालाही वाजवतात.

खेळ संपल्यावर धुळाबा माझ्या राहुटीत आला. "मास्तर, गावाचं नाव कशाला घेतलंसा?"

"मी पाटण म्हणालो फक्त."

"त्येच की. पाटनला थांबायचं असतंय. तळ पडतो तितं."

मंत्र तो असा होता. दिवाळीनंतर त्याची माणसे मेंढरे घेऊन कोकणात उतरत, त्या वाटेवरची गावे त्याने शेवंतीला शिकवली होती. आटपाडी म्हटले की निघायचे, विटा म्हटले की दौड, कराडला वळायचे, पाटणला थांबायचे. बाकीच्या पाचजणी तिच्या मागे.

"पण तोंडानं कशाला? तुझे पाय आहेत की."

"पाय दिसाय नगंत व्हय तिला?" तो म्हणाला. "दोनी डोळं गेलं तिचं."

"मालकांना माहीत आहे?"

"तुमाला ठावं हाय, मास्तर."

मालकांना कळले तर काय होईल, ते मला माहीत होते. आमच्याकडे निकामी घोड्याला एकच जागा होती... वाघांच्या पिंजऱ्यांत सकाळी नऊला मांस जाई. मी कुणाला बोललो नाही. पुढच्या हँडबिलात अश्वमंत्र मात्र मोठ्या टायपात घेतला.

त्यानंतर एका संस्थानिकाच्या गावी आमचा तंबू लागला. दुसऱ्या दिवशी त्यांचे खासगी कारभारी आले. "काल त्या पुढच्या घोडीच्या तोंडावरून मशाल गेली, पण पापणी हलली नाही," ते म्हणाले. "राजेसाहेबांनी पाहिलं. हे रक्तच वेगळं. दसऱ्याच्या मिरवणुकीला निशाणामागं हीच हवी." मालकांनी होकार दिला आणि मला मानपत्रासारखे काहीतरी लिहायला सांगितले.

धुळाबा तिथेच उभा होता. खरे सांगावे तर पिंजरा, न सांगावे तर नगारे, तोफा आणि अनोळखी रस्ता. तो मालकांना म्हणाला, "मलाबी धाडा तिच्यासंगं."

"तुला? मग इथं खेळ कोण करणार?"

"ऱ्हायलेल्या पाचजनी मास्तर बगत्याल."

"अरे, प्रोफेसर आहेस तू! तिथं जाऊन मोतद्दार होणार? शेण काढणार?"

"हितं कुनी काडलं मालक, तुमी?"

मालक हसले, मग चिडले, मग त्यांनी त्याला सोडले. जरीचा कोट मात्र ठेवून घेतला. मला तो कोट घट्ट झाला, आणि पाच घोड्यांनी आठवड्यात माझी लायकी ओळखली. त्या पुढे रथाला जुंपल्या गेल्या.

एका दसऱ्याला मी मुद्दाम त्या गावी गेलो. नगारे, भालदार, चोपदार, आणि निशाणामागे मान ताठ ठेवून चाललेली शेवंती. तिच्या पुढे दोन हातांच्या अंतरावर धुळाबा, डोक्याला पागोटे. दोरी ढिली होती. तो सारखा बोलत होता, पण आता गावे नव्हती. "उतार हाय... गटार हाय, उचल... डावीकडं हो, तोफ वाजनार हाय." तोफ वाजली. कारभारी दचकले, शेवंती नाही.

मग संस्थान विलीन झाले. पागेची मोजदाद करायला सरकारी पशुवैद्य आला. त्याने तिच्या डोळ्यांपुढे हात हलवला आणि कागदावर 'आंधळी' असे लिहिले. हे राजेसाहेबांना कुणी सांगायचे यावर दोन दिवस खल झाला आणि कुणीच सांगितले नाही. धुळाबा तिला घेऊन चालत आटपाडीला गेला. वाटेत विटा लागले, कुणीतरी गावाचे नाव घेतले, तेव्हा ती खरेच दौडू लागली आणि तिला आवरता आवरता त्याची पुरेवाट झाली, असे त्याने नंतर मला कळवले होते.

गेल्या आठवड्यात मी त्याच्या घरी गेलो. शेवंती संक्रांतीला गेली होती, तो तिच्यामागून. दावणीचा खुंटा तसाच होता. त्याच्या बायकोने, हौसाबाईंनी, चहा दिला. मी म्हणालो, "त्याला रिंगण सोडल्याचं वाईट वाटायचं का?"

"कुनाला ठावं. लय बोलायचं, पर सपाटीचं न् खड्ड्याचं. आमच्याबी म्होरं चालायचं न् सांगत ऱ्हायाचं. म्या म्हनायची, आवं, मला दिसतंय की! तर म्हनायचं, आसू दे."

निघालो तेव्हा त्या माझ्या पुढे झाल्या आणि उंबऱ्याबाहेर पडताना मागे न बघताच म्हणाल्या, "पायरी हाय, जपून."

मी जपून पाय टाकला. तो सपाट जमिनीवर आदळला.

"पायरी मुजवली, शेवंतीला आत घ्याया," हौसाबाई म्हणाल्या. "दोन साल झाली."