राहिलेले तीन तास

आबांना तुम्ही काही सांगितलंत की ते उजवा हात छातीपर्यंत उचलायचे आणि तिथेच थांबवायचे. तळवा तुमच्याकडे, बोटं जुळलेली. तुमचं बोलणं संपेपर्यंत हात तिथेच. मग ते क्षणभर विचार करायचे आणि हात सरळ डोक्याच्या वर जायचा. त्यानंतरच तोंडातून शब्द निघायचा, "कळलं."

हात वर गेला नाही तर समजायचं, आपल्याच सांगण्यात काहीतरी गोंधळ आहे. "दिसलं," ते म्हणायचे, "कळलं न्हाय. परत सांगा."

हे सगळीकडे चालायचं. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, लग्नाच्या मांडवात. रंकाळा तळ्याच्या रस्त्यावर कुणाशी बोलत उभे असले की जाणाऱ्या रिक्षा थांबायच्या. "कुठं जायाचं, मामा?" "कुठं न्हाय गा. ह्यांचं ऐकतोय." गल्लीत नव्यानं आलेल्या एका सुनेनं तर हे आशीर्वाद देताहेत असं समजून तीन वेळा वाकून नमस्कार केला होता.

आबा नौदलात सिग्नलवाले होते. समोरच्या जहाजानं निरोपाच्या पताका चढवल्या की आपल्या जहाजानं उत्तराची पताका दोरीच्या अर्ध्यावर न्यायची. म्हणजे, तुमचं दिसलं. अर्थ लागला की ती पार टोकाला न्यायची. म्हणजे, कळलं. ही कामं त्यांनी वीस-बावीस वर्षं केली. मग नोकरी संपली, जहाज गेलं, दोरी गेली. हात तेवढा उरला.

कोल्हापुरात घराआड फौजी सापडेल, पण नौदलातला माणूस म्हणजे नवलच. "आबा, पंचगंगेला बंदर कवा येणार?" पानपट्टीवरची मंडळी विचारायची. आबा शांतपणे म्हणायचे, "तुमी पान थुकायचं थांबवलासा की. जागा व्हईल तवा."

आमच्या कॉलेजात छात्रसेनेची छोटी नौदल तुकडी होती. आबा आम्हाला रंकाळ्यात होडी वल्हवणं आणि पताका ओळखणं शिकवायला यायचे. नव्वदीच्या शेवटाकडची गोष्ट. आमचं गाव बिद्रीच्या साखर कारखान्याच्या बाजूचं. घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. तुकडीत मी का गेलो, तर गणवेश पांढरा होता आणि मी समुद्र पाहिलेला नव्हता. यापेक्षा मोठं कारण मला आजही सांगता येत नाही.

कॉलेजात मी एक युक्ती शिकलो होतो. इंग्रजीत कुणी काही बोललं की मान हलवायची. मान हलवली की पुढचा प्रश्न येत नाही. पहिलं वर्ष मी मानेवरच काढलं.

होडीत ती युक्ती बुडाली. पाच वल्ह्यांची लांब होडी, आम्ही पाच जण, आणि मागे सुकाणूवर आबा. हुकूम सगळे इंग्रजीत. काठावर आबांनी ते एकदा समजावून सांगितले आणि विचारलं, "कळलं?" मी सगळ्यांच्या आधी मान हलवली. होडी तळ्यातल्या संध्यामठाच्या जवळ आली तेव्हा मागून हुकूम आला, "होल्ड वॉटर!"

बाकी चौघांनी वल्ही पाण्यात आडवी धरून होडी थांबवली. मी वल्हं सोडलं आणि दोन्ही हातांची ओंजळ करून पाणी धरलं.

माझं वल्हं तरंगत मागे निघून गेलं. होडीत कुणी हसेना. आबांचा चेहरा बघून धीरच होत नव्हता. ते उठून, तोल सांभाळत माझ्यापर्यंत आले आणि ओंजळीत डोकावले.

"धरलंस?"

"व्हय, आबा."

"किती मावलं?"

तेव्हा मात्र सगळी होडी हसली. आबाही हसले. पण काठाला लागल्यावर ते माझ्या शेजारच्या फळीवर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "कळलं न्हवतं तर मुंडी का हलवलीस?"

"लाज वाटली."

"अर्ध्यावर ठेवायला कसली लाज? अर्ध्यावर ठेवण्यासाठीच दोरी एवढी लांब असती की."

त्यांच्या नोकरीची गोष्ट आम्हाला पुढे कळली. एवढी वर्षं करूनही ते बढतीत मागेच राहिले होते, आणि आमच्यातल्या एकानं एकदा तोंडावरच कारण विचारलं. आबांनी आढेवेढे घेतले नाहीत.

दुसऱ्या एका देशाच्या नौदलाबरोबर संयुक्त सराव चालला होता. दोन्हीकडची जहाजं रांगेत, समुद्र खवळलेला. पाहुण्यांच्या जहाजानं तीन पताका चढवल्या. दोन स्वच्छ दिसल्या, तिसरी वाऱ्यानं दोरीला गुंडाळली गेली. आबांनी उत्तराची पताका अर्ध्यावर नेली आणि दुर्बीण लावून उभे राहिले. मागे एक तरुण अधिकारी होता. तो म्हणाला, "डावीकडे वळायचं म्हणताहेत. ऊपर करो."

"तिसरी दिसंना, साहेब."

"मी सांगतोय ना? पाहुण्यांच्या पुढं आपल्यालाच समजलं नाही असं दिसतंय. ऊपर!"

"मी काय केलं न्हाय," आबा म्हणाले. "दोरी धरून हुबा ऱ्हायलो. सगळ्या जहाजांच्या पताका वर, आमची एकट्याची मदी. मागनं साहेब वरडाय लागलेला."

"मग?"

"मग वाऱ्यानं तिसरी उलगडली. बघितली. चढवली."

"आणि काय होतं, आबा? उजवीकडं?"

आम्ही पाचही जण पुढे सरकलो होतो. आबा आमच्याकडे बघून गालात हसले. "डावीकडंच. साहेबाचं बरोबर होतं की."

आमचे चेहरे पडले. गोष्ट अशी संपायला नको होती. माझा मित्र रागानंच म्हणाला, "म्हंजे तुमी उगंच अडून बसलासा! त्यापायी बढती गेली?"

"बरोबर त्याला होतं. मला दिसलं न्हवतं. माझ्या हातात जी दोरी हाय ती माझ्या डोळ्यांची. त्याच्या न्हवं."

मला ते तेव्हा पटलं नाही. खरं सांगायचं तर हट्टी म्हातारा वाटला.

दुसऱ्या वर्षी बातमी आली. पाहुण्या देशाची जहाजं पुन्हा सरावाला येणार होती, आणि काही कॉलेजांच्या होडीपथकांना आठ दिवस आपल्या जहाजावरून तो सराव बघायला मिळणार होता. आमच्या पाच जणांचं नाव यादीत होतं. अट एकच, प्रत्येकाचे त्या वर्षातले वल्हवण्याचे वीस तास झालेले हवेत आणि नोंदवहीत शिकवणाऱ्याची सही हवी.

मी गावी पत्र टाकलं. वडिलांनी कारखान्यावर सगळ्यांना सांगितलं. आईनं जोतिबाला नारळ बोलला. आमच्या घराण्यात समुद्र बघायला निघालेला मी पहिलाच माणूस होतो.

आणि त्याच महिन्यात रंकाळा जलपर्णीनं भरला. हिरवी, जाड, पाण्याचा थेंब दिसू न देणारी. आबा आम्हाला विळे घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उतरवायचे. सकाळी आम्ही होडीपुरती वाट करायचो, दुपारच्या वाऱ्यानं ती मिटायची. काही दिवस अर्धा तास मिळाला, काही दिवस नुसती कापाकापी. "कापलेलं धरा की तासात," आम्ही म्हणायचो. "कापणं म्हंजे वल्हवणं व्हय?" आबा म्हणायचे. मुदतीच्या दिवशी आमचे सतरा तास झाले होते.

तुकडीचे प्रमुख प्राध्यापक सज्जन होते. त्यांनी नोंदवही आबांपुढे ठेवली आणि पेनाचं टोपण स्वतः काढून दिलं. आम्ही पाचही जण दारात उभे होतो.

"आबा, वीस लिहा आणि सही करा."

"सतरा झाल्यात, सर."

"मला माहीत आहे. पण जलपर्णी काय पोरांनी आणली? तीन तासांसाठी पोरांची वाट अडवता?"

"पोरांची न्हाय. माझी सही अडवतोय."

"अहो, बाकीच्या कॉलेजांनी तरी कुठे वीस केलेत? सगळ्यांनी लिहिलेत."

"त्यांच्या होडीत मी न्हवतो."

त्यांनी सतरा लिहिलं. अक्षरी पण लिहिलं, म्हणजे कुणाला खोडता येऊ नये. खाली सही केली.

मी त्यांच्या मागे जिन्यावर धावलो. "आबा, म्या समुद्र बघितल्याला न्हाय. तुमी बघितलासा, म्हणून तुमाला काय वाटत न्हाय."

ते थांबले. "वाटतंय की गा."

"मग?"

"उद्या जहाजावर कुणी इचारलं, वीस तास मारल्यात काय? तू काय सांगशील?"

"व्हय म्हणीन."

"तू म्हणशील. माझ्या सहीवर म्हणशील. ते मला जमत न्हाय."

मी छातीपर्यंत हात उचलला. त्यांचाच हात, त्यांच्यावरच. "दिसलं," मी म्हणालो, "कळलं न्हाय."

मला वाटलं, ते चिडतील. त्यांनी माझ्या हाताकडे नीट पाहिलं. "बरोबर धरलायस," ते म्हणाले. "कळत न्हाय तवर वर करू नगंस." आणि जिना उतरून गेले.

आमच्या ऐवजी दुसऱ्या कॉलेजची मुलं गेली. गावात वडिलांना कुणी विचारलं की ते "पुढच्या खेपंला" म्हणायचे. पुढची खेप आली नाही. मी तुकडी सोडली, रंकाळ्याची वाट सोडली. आबा समोरून येताना दिसले की मी गल्ली बदलायचो. ते हाक मारायचे नाहीत.

मी समुद्रावर कधीच नोकरीला गेलो नाही. एका हायस्कुलात गणित शिकवतो. पुढे चार-पाच वर्षांनी आबा गेले तेव्हा मी परीक्षेच्या कामात होतो, आणि मला कळायला दोन दिवस लागले. गेलो तोवर घरासमोर रिकाम्या खुर्च्या एकात एक रचून ठेवल्या होत्या. त्यामुळे त्यांचं शेवटचं दर्शन म्हणून माझ्याजवळ काही नाही. जे आहे ते तळं जलपर्णीतून मोकळं झालं त्या वर्षीच्या एका रविवारचं.

त्या सकाळी ते माझ्या खोलीच्या दारात उभे होते. घामानं भिजलेले. जिना चढून आले होते.

"तीन तास ऱ्हायल्यात," ते म्हणाले.

"कशाचं? सराव झाला. जहाजं गेली. आता ते कोण मोजणार?"

"कोण न्हाय." ते चौकटीला टेकले. "जहाजं गेली, व्हय. तुझं तीन तास कुठं गेल्यात? चल."

मला नाही म्हणायचं होतं. पण काठावर पोचलो तर चौघंही आधीच होडीत बसलेले, आणि माझी पुढची फळी रिकामी. चौघांच्याही तोंडावर माझ्यासारखाच राग होता. मी बसलो.

पहिल्या तासात आम्ही रागारागानं वल्ही मारली. दुसऱ्यात तळव्यांना फोड आले. तिसरा तास सुरू झाला तेव्हा ऊन चढलं होतं आणि तळ्यात पायडलच्या होड्या आल्या होत्या. त्यातली एक आमच्या बाजूनं चालली होती. पायडल मारणारा लठ्ठसा माणूस, शेजारी त्याची बायको, तिच्या मांडीवर पिशवी.

आबा एकदम ताठ झाले. त्यांनी सुकाणू वळवलं आणि आमची होडी त्यांच्या बरोबरीनं आणली. मध्ये दहा-बारा हात पाणी.

"ओ पावणं! थांबू नगासा! असंच सरळ चला!"

तो माणूस दचकला. "का? काय झालं?"

"संयुक्त सराव हाय!"

"कसला?"

"नौदलाचा! कुठलं तुमी?"

"पेठ वडगावचं!"

"पेठ वडगावचं जहाज उजव्या अंगाला," आबांनी आम्हाला सांगितलं, आणि मग त्यांना, "पिशवीत काय हाय?"

बायको नवऱ्याला म्हणाली, "भेळ मागाय लागल्यात वाटतं. देऊ नगासा."

"भेळ हाय!" नवरा ओरडला.

"मग तुमी टँकर, माल पुरवणारं जहाज!" आबा म्हणाले. "चालत्या जहाजातनं चालत्या जहाजात माल द्यायचा. कुणी थांबायचं न्हाय, कुणी जवळ यायचं न्हाय. थांबलासा की धडकलासा!"

आबांनी मला दोरी दिली. मी उभं राहून फेकली. पहिल्यांदा ती पाण्यात पडली, दुसऱ्यांदा त्या बाईच्या खांद्यावर. तिनं ती झटकायच्या ऐवजी घट्ट धरली आणि नवऱ्यावर ओरडली, "पाय चालवा की! सराव हाय न्हवं!"

तिनं पिशवीचे बंद दोरीत ओवले. दोरीचं एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. चौघं वल्हवताहेत, तो माणूस घामाघूम होऊन पायडल मारतोय, आणि मध्ये पाण्यावर वीतभर उंच भेळेची पिशवी लोंबकळत माझ्याकडे सरकतेय. "वेग धरा," आबा पुटपुटत होते, "वेग धरा." एकदा दोरी सैल पडली, पिशवी पाण्याला टेकणार असं वाटलं, आणि त्या बाईनं दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन ती ताणली.

पिशवी माझ्या हातात आली. कोरडी.

"आता सोडू काय?" ती ओरडली.

"सांगितल्याबिगर सोडायचं न्हाय!" आबा म्हणाले. त्यांचे डोळे मला नीट दिसले नाहीत, ऊन समोरून होतं. "माल आला म्हंजे झालं व्हय? अजून अर्धा तास हाय. असंच चला!"

काठावरून होड्यांचा तिकीटवाला शिट्टी मारत होता. पेठ वडगावच्यांची वेळ केव्हाच संपली होती. तो माणूस काठाकडे बघून ओरडला, "सराव चाललाय!" आणि त्यानं पायडल मारणं थांबवलं नाही. आम्हीही नाही.