वलगावच्या सुमनची फर्माइश

मंडळी, डोकं अजून तापलेलं आहे.

आज अकोटच्या एस.टी.त नवा ट्रान्झिस्टर मांडीवर घेऊन मी फर्माइशीची गाणी लावली. शेजारच्या अनोळखी बाईंनी कान जवळ आणला.

"भाऊ, रेडिओले मी किती कार्डं टाकले, पण मायं नाव येतच नाही. सुमन, वलगाव."

"घरी रेडिओ आहे काय?"

"नाही न. कोणाच्याही रेडिओवर आलं तरी चालते."

मग प्रत्येक गाण्याआधी आम्ही दोघं मिळून नावं ऐकू लागलो. वलगावला त्या उतरल्या. गाडी हलली आणि रेडिओवर आलं, "वलगावहून सुमन."

मी गाडी थांबवायला सांगितली. कंडक्टर म्हणाला, "गाण्यापायी गाडी थांबवू काय?"

गाणं कोणतं लागलं, ते रागात ऐकलंच नाही.

तुमच्यापैकी उद्या वलगावला कोण जातंय? त्या बाईंना एवढं सांगा, नाव आलं होतं.