गाडी सुटणार नाही

आधी बेल एकदाच, पण लांबलचक. मग जिन्यात घसा खाकरल्याचा आवाज. आणि मग काका नाकातून सुरू करत, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. बर्फामुळे शाळेची गाडी सुटणार नाही."

गाडी कसली, मुलं शाळेत चालत जात. पण काकांची उभी हयात एसटीत गेलेली, वाहतूक नियंत्रक म्हणून. घाटात दरड कोसळली की गाडी सोडायची की नाही, हे ते ठरवत. जर्मनीतल्या हेर्त्सोगेनआउराखच्या आमच्या इमारतीत चार मराठी घरं, त्यातल्या एका घरी, मुलाकडे, ते दर हिवाळ्यात साताऱ्याहून येत. अशी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. खुर्ची गेली तरी हुद्दा सोडत नाहीत.

बर्फाची सुट्टी म्हटली की मुलं नाचतात आणि आईबाप त्यांना ठेवायचं कुठे म्हणून फोन फिरवत बसतात. त्या वर्षी माझी नोकरी नवी, प्रोबेत्साइट, म्हणजे पारखण्याची मुदत, चालू. त्या मुदतीत कधीही घरी बसवतात, आणि आमचा इथला मुक्काम त्या नोकरीवरच. नवरा कामासाठी ड्युसेलडॉर्फला. पहिल्याच बर्फाला मी दारात रडकुंडीला आले. काकांनी माझ्या ईराचा हात धरला.

"गाडी अडली की आधी पोरांना खायला घालायचं. हिला वर नेतो. तू कामाला लाग."

वर मुगाची खिचडी, त्यावर तूप, मग पत्ते. चारही घरची मुलं तिथेच. ईराला मराठी कळे, पण उत्तर कायम जर्मनमध्ये. काकांचं त्यामुळे काही अडलं नाही. ते मराठीत रागावत, ती जर्मनमध्ये भांडे.

एकदा मात्र त्यांनी कहर केला. झाडं पांढरी दिसली म्हणून गाडी रद्द. आम्हीही मोबाइल न बघता बिनधास्त मीटिंगांना बसलो. ते नुसतं गोठलेलं दंव होतं. शाळा चालू होती, आणि शाळेचा फोन आला, मुलं कुठे आहेत? इथे शाळा बुडवणं फार मनावर घेतात.

"अहो काका, शाळेला विचारायचं तरी," मी चिडले.

"चूक नियंत्रकाची. प्रवाशांना त्रास नको." त्यांनी कोट चढवला, मुलांची रांग केली आणि थेट शाळेच्या ऑफिसात जाऊन उभे राहिले. मी मागून धावतेय. येत असलेला एकुलता एक जर्मन शब्द, 'तर' अशा अर्थाचा, त्यांनी खर्चून टाकला. "आल्झो, गाडी मी थांबवली. पोरांना बोलू नका."

ईराने ते जसंच्या तसं जर्मनमध्ये सांगितलं. ऑफिसातल्या बाई हसल्या आणि मुलं वर्गात गेली.

माझी नोकरी पक्की झाली ती काकांच्या जिवावर. पेढे देताना मी तसं म्हणालेही. "गाड्या वेळेवर लागल्या म्हणजे झालं," एवढं बोलून त्यांनी दुसरा पेढा उचलला.

यंदा दिवाळीनंतर काका साताऱ्यात वारले.

परवा बर्फ पडला. शाळा बंद असल्याचा मेसेज सगळ्यांना आला होता, तरी चारही दारं किलकिली होती. कुणी बाहेर येईना, कुणी दार लावीना. आम्ही सगळे बेलची वाट बघत होतो.

ईरा मोज्यांवरच जिन्यात गेली. तिने घसा खाकरला.

"गाडी सुटणार नाही," ती चक्क मराठीत म्हणाली. "पोरं आमच्याकडे पाठवा."

मी साहेबांना कळवलं की आज उशीर होईल, आणि डाळ-तांदूळ धुवायला घेतले.